काळजीच्या दोन्ही बाजूंना

आजारी माणसाच्या आयुष्याबद्दल शेवटचा शब्द कोणाचा असावा? त्या माणसाचा, की त्याला जगवण्यासाठी रात्रीचा दिवस करणाऱ्या त्याच्या माणसांचा? दीर्घ आजारपण ज्या घरात मुक्कामाला येते तिथे हा प्रश्न रोज उभा असतो. औषधाच्या वेळेवरून, अर्धवट सोडलेल्या ताटावरून, 'डॉक्टरांनी सांगितले आहे ना' या एका वाक्यावरून तो डोके वर काढतो आणि लगेच दाबला जातो, कारण उघड विचारला तर दोन्हीकडची माणसे दुखावतात. चित्रपटांनी आजारपण पुष्कळ दाखवले, पण बहुतेक वेळा एकाच बाजूने. सेवा करणारा संत आणि आजारी माणूस त्याच्या सेवेचे निमित्त. नाहीतर आजारी माणूस बंडखोर आणि भोवतालचे सगळे पहारेकरी. स्टीफन डॉल्ड्री यांनी दिग्दर्शित केलेला 'द अवर्स' हा २००२ चा चित्रपट या दोन्ही सोयीच्या जागा प्रेक्षकाला नाकारतो, आणि हे त्याला साधते ते तीन काळांच्या गुंफणीमुळे. ही गुंफण काढून तिन्ही कथा एकापाठोपाठ एक सांगितल्या असत्या तर तीन बऱ्यापैकी लघुपट हाती लागले असते, पण चित्रपटाला जे म्हणायचे आहे ते म्हणायचे राहून गेले असते. या चित्रपटाकडे बहुधा मृत्यूवरचा किंवा स्त्रियांच्या घुसमटीवरचा चित्रपट म्हणून पाहिले जाते. तो काळजी घेण्याविषयीचा चित्रपट आहे, आणि त्या विषयावर इतके प्रामाणिक काम पडद्यावर फार थोडे झाले आहे.

मायकेल कनिंगहॅम यांची याच नावाची कादंबरी १९९८ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पटकथा नाटककार डेव्हिड हेअर यांची. तीन स्त्रिया, तीन शहरे, प्रत्येकीचा एकच दिवस. १९२३ मध्ये लंडनजवळच्या रिचमंड गावात व्हर्जिनिया वुल्फ 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी लिहायला बसली आहे. १९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या उपनगरात लॉरा ब्राउन ही गर्भवती गृहिणी तीच कादंबरी वाचते आहे आणि नवऱ्याच्या वाढदिवसासाठी केक करण्याचा प्रयत्न करते आहे. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्लॅरिसा वॉन ही संपादिका आपल्या जुन्या मित्रासाठी, एड्सने खंगलेल्या रिचर्ड या कवीसाठी, संध्याकाळी मेजवानी ठेवते आहे. त्याला मोठे पारितोषिक मिळाले आहे. रिचर्ड तिला थट्टेने मिसेस डॅलोवे म्हणतो. निकोल किडमन, ज्युलियन मूर आणि मेरिल स्ट्रीप या तिघींनी या भूमिका केल्या. ऑस्कर एकट्या किडमनला मिळाले, पण २००३ च्या बर्लिन महोत्सवाने अभिनेत्रीचा सिल्व्हर बेअर तिघींना मिळून दिला. बर्लिनचा निर्णय मला अधिक योग्य वाटतो. तिघी पडद्यावर एकत्र कधीच येत नाहीत, तरी एकीचे काम दुसरीच्या कामावर सतत प्रकाश टाकत राहते.

सुरुवात १९२३ पासून करू, कारण तिथे प्रेक्षकाची सहानुभूती कुठे जाते हे स्पष्ट आहे. १९१३ आणि १९१५ मध्ये व्हर्जिनियाला मानसिक आजाराचे तीव्र झटके येऊन गेले होते, तिने जीव देण्याचाही प्रयत्न केला होता. त्या काळच्या नामांकित डॉक्टरांचा उपचार ठरलेला असे: सक्तीची विश्रांती, भरपूर दूध, वजन वाढवणे, लिहिणे-वाचणे कमी, उत्तेजना नको, गाठीभेटी नकोत. लंडनच्या गजबजाटापासून दूर राहावे म्हणून हे दाम्पत्य रिचमंडला आले. नवरा लेनर्ड सात वर्षे सिलोनमध्ये प्रशासकीय अधिकारी होता. सवयीने आणि प्रेमाने त्याने पत्नीच्या तब्येतीची रोजची नोंद ठेवली, आणि कोणाला कळू नये म्हणून त्यातला बराच भाग तमिळ आणि सिंहली अक्षरांत लिहिला. १९१७ मध्ये घरातच एक हातछपाईचे यंत्र आणले. तिच्या हातांना आणि मनाला लिहिण्याव्यतिरिक्त काही काम मिळावे हाही त्यामागे हेतू होता. त्यातून होगार्थ प्रेस उभी राहिली. चित्रपटातला लेनर्ड (स्टीफन डिलेन) हा असा माणूस आहे. दुष्ट नाही, कोरडा नाही. सकाळी पहिला प्रश्न झोपेचा, दुसरा न्याहारीचा. आणि तरीही आपण व्हर्जिनियाच्या बाजूला बसतो, कारण कॅमेरा तिच्या खोलीत आहे आणि लेनर्डचे प्रश्न दाराबाहेरून येतात. प्रत्येक प्रश्न रास्त आहे आणि प्रत्येक प्रश्नाने तिचा श्वास थोडा अधिक कोंडतो.

हे सगळे फुटते ते रिचमंडच्या रेल्वे स्टेशनवर. ती कोणालाही न सांगता लंडनची गाडी पकडायला निघाली आहे. लेनर्ड धावत तिथे पोहोचतो. तो संतापलेला आहे आणि त्याहून अधिक घाबरलेला आहे. हे घर, हे यंत्र, हे शांत गाव सगळे तुझ्यासाठीच केले, असे तो सांगतो, आणि ते खरे आहे. तिचे उत्तर असे की डॉक्टर माझे हित मलाच समजावून सांगतात. पण माझ्या अंधारात मी एकटी असते, तिथे काय आहे ते मलाच ठाऊक आहे, आणि कितीही क्षुल्लक रुग्ण असला तरी आपल्या उपचाराबद्दल काही बोलण्याचा अधिकार त्याला हवा, त्याशिवाय तो माणूस उरत नाही. हेही खरे आहे. लेनर्ड रडवेला होऊन होकार देतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो. आजारी माणसाचे ऐकून घेतले गेले, न्याय झाला असे वाटते. एवढाच चित्रपट असता तर तो एक चांगला, थोडासा सोपा चित्रपट ठरला असता.

पण त्यानंतर थोड्याच वेळात आपण २००१ मध्ये रिचर्डच्या घरात असतो, आणि आपल्या पायाखालची जमीन सरकते. आता आपण काळजी घेणाऱ्याच्या बाजूला आहोत. इतका वेळ आपण क्लॅरिसाबरोबर फुले आणली, खेकड्याचा खास पदार्थ रांधला, पाहुण्यांची यादी केली, रिचर्डने गोळ्या घेतल्या की नाही हे विचारले. एड हॅरिसने साकारलेला रिचर्ड चिडका, तीक्ष्ण, कधी कधी क्रूर आहे. त्याला आवाज ऐकू येतात. आणि तो क्लॅरिसाला जे सांगतो ते व्हर्जिनियाने लेनर्डला सांगितलेल्याचेच दुसरे रूप आहे: ही मेजवानी नक्की कोणासाठी आहे, मी तर केवळ तुझ्या समाधानासाठी जगत आलो. क्लॅरिसाचे उत्तर लेनर्डच्या तोंडी शोभले असते. माणसे एकमेकांसाठीच जगतात, आणि डॉक्टर म्हणतात तू अजून कित्येक वर्षे जगू शकतोस. त्याच्या दृष्टीने हीच शिक्षा आहे. स्टेशनवर ज्या वाक्यांना आपण मनातून दाद दिली होती तीच वाक्ये आता खिडकीशी बसलेल्या एका माणसाच्या तोंडून ऐकताना आपल्याला ओरडून त्याला थांबवावेसे वाटते. तो थांबत नाही. ज्याने व्हर्जिनियाच्या हट्टाला पाठिंबा दिला त्या प्रेक्षकाला आता त्या हट्टाची किंमत क्लॅरिसाच्या चेहऱ्यावर वाचावी लागते, आणि ज्याने लेनर्डला मनातल्या मनात दोष दिला त्याला क्लॅरिसाच्या जागी बसल्यावर लेनर्डची भीती समजते.

अशी बाजू बदलायला लावणे हे काळांच्या गुंफणीचे काम आहे, आणि ते सहज होत नाही. वेगवेगळ्या काळांतल्या कथा एकमेकींत मिसळण्याची युक्ती सिनेमाइतकीच जुनी म्हणावी लागेल. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९१६ मध्येच 'इनटॉलरन्स'मध्ये प्राचीन बॅबिलोन, येशूचा काळ, १५७२ चे फ्रान्समधले हत्याकांड आणि तत्कालीन अमेरिका असे चार काळ एकत्र विणले होते. तो पराक्रमच होता. पण चारही कथा एकच गोष्ट चार वेळा सांगतात. असहिष्णुता वाईट, तेव्हाही आणि आताही. काळ बदलतो, प्रेक्षकाची जागा बदलत नाही. अशा चित्रपटांची मोठी अडचण हीच असते की दुसरा काळ पहिल्याचा केवळ साक्षीदार होऊन उभा राहतो. 'द अवर्स'मध्ये दुसरा काळ पहिल्याची उलटतपासणी घेतो. संकलक पीटर बॉइल यांनी सकाळच्या प्रसंगांत तिघींचे उठणे, आरशात पाहणे, फुलदाणीत फुले ठेवणे एकमेकांत इतके मिसळले आहे की एका काळात सुरू झालेली हालचाल दुसऱ्या काळात पूर्ण होते. पहिल्यांदा पाहताना हे नुसते देखणे कसब वाटते. खरे तर ही पूर्वतयारी आहे. तिघींच्या हालचाली एकच आहेत याची खात्री डोळ्यांना पटली की पुढे त्यांच्या जागा बदलल्याचा धक्का अधिक खोल बसतो. फिलिप ग्लास यांचे संगीतही त्याच कामाला लागले आहे. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावर 'सत्याग्रह' हा ऑपेरा रचणाऱ्या ग्लास यांनी इथे १९२३ साठी एक, १९५१ साठी दुसरी अशी काळानुरूप धून दिली नाही. एकच अखंड लाट तिन्ही काळांखालून वाहते. ते संगीत फार होते, दोन-तीन ठिकाणी संवादांवर स्वार होते, ही तक्रार मला मान्य आहे. पण त्याने काळांमधले बांध मोडले नसते तर संकलनाचे निम्मे काम वाया गेले असते.

या बदलत्या जागांचे मूळ वुल्फच्या पुस्तकातच आहे, आणि कनिंगहॅम यांनी ते अचूक ओळखले. 'मिसेस डॅलोवे'तही जून महिन्यातल्या एकाच दिवसात दोन आयुष्ये शेजारी शेजारी चालतात: मेजवानीची तयारी करणारी श्रीमंत क्लॅरिसा डॅलोवे आणि महायुद्धातून मन मोडून परतलेला सेप्टिमस. दोघांची गाठ कधी पडत नाही. त्याच्या मृत्यूची बातमी तिच्या मेजवानीत पोहोचते, एवढाच धागा. वुल्फने नंतर स्वतःच लिहिले की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच, आणि शेवटी मरायचे होते ते क्लॅरिसाने. चित्रपटातली व्हर्जिनिया दिवसभर याच निर्णयाशी झगडते. पण मला इथे अधिक मोलाची वाटते ती सेप्टिमसची बायको रेझिया. सेप्टिमसभोवती डॉक्टर होम्स आणि सर विल्यम ब्रॅडशॉ आहेत. त्यांची काळजी म्हणजे हुकूम, आणि वुल्फ त्यांना जराही माफ करत नाही. रेझिया मात्र परक्या देशात, एकटी, थकलेली, नवऱ्यावर चिडणारी आणि तरीही त्याला डॉक्टरांपासून वाचवायला जिन्यात आडवी उभी राहणारी आहे. म्हणजे सत्ता गाजवणारी काळजी आणि सोबत करणारी काळजी यांतला फरक वुल्फला नीट ठाऊक होता. चित्रपट याच फरकाला पुढे नेतो आणि अधिक कठीण करतो. लेनर्ड आणि क्लॅरिसा वॉन यांच्यात होम्सही आहे आणि रेझियाही. एकाच माणसात, एकाच दिवशी, कधी कधी एकाच वाक्यात.

मधला काळ, १९५१ चा, वरवर पाहता या चौकटीत बसत नाही. लॉरा आजारी नाही, निदान तसे कोणी म्हणत नाही. नवरा डॅन (जॉन सी. रायली) तिला सकाळी झोपू देतो, कारण पोटुशी बाईला विश्रांती हवी, स्वतःच्या वाढदिवशी तिच्यासाठीच फुले घेऊन येतो. जेवणाच्या टेबलावर तो लहानग्या रिचीला सांगतो की युद्धात असताना मी हिच्याबरोबरच्या अशाच घराचे, अशाच सुखाचे स्वप्न पाहत होतो. डॅनच्या आवाजात कृतज्ञता आहे आणि प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, कारण त्या सुखात लॉरा कुठे आहे हे त्याला कधीच विचारावेसे वाटलेले नाही. इथली काळजी अशी आहे की तिला विरोध करायला शब्दच नाहीत. व्हर्जिनियाजवळ भाषा होती, रिचर्डजवळ होती. लॉराजवळ फक्त एक पुस्तक आहे. तिच्या घरात खरी काळजी घेणारा आहे तो पाच-सहा वर्षांचा रिची. आईच्या चेहऱ्यावरून नजर न हटवणारा, ती त्याला शेजारणीकडे सोडून निघाली तेव्हा गाडीमागे धावणारा. बाकी कोणाला जे दिसले नाही ते त्याने पाहिले, पण त्या वयात त्याच्या हाती काहीच नव्हते. मग रिचर्डच्या हातातले आईचे लग्नातले छायाचित्र आपल्याला दिसते आणि कळते की तो रिची हाच. काही समीक्षकांना हा योगायोग कृत्रिम वाटला. कथानक म्हणून तो थोडा बेतलेला आहे, हे खरे. पण विचार म्हणून तो अटळ आहे. ज्या मुलाने सबंध बालपण आईला जगवण्याच्या पहाऱ्यात काढले तो मोठेपणी दुसऱ्याच्या पहाऱ्याखाली जगू शकत नाही. काळजीची दोन्ही टोके एकाच आयुष्यात असू शकतात.

हा विषय दूरच्या देशातल्या सुखवस्तू लोकांचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण करून द्यावी लागेल. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या पाशवी हल्ल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ अचेतन अवस्थेत होत्या. त्यांच्यासाठी दयामरणाची याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. तिला विरोध केला तो अरुणांची रोजची शुश्रूषा करणाऱ्या केईएममधल्या परिचारिकांनी. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचा मार्गही उघडला. रिचर्ड बोलू शकत होता, अरुणा बोलू शकत नव्हत्या, हा फरक मोठा आहे आणि तो पुसून चालणार नाही. पण प्रश्नाचे मूळ एकच: जो सेवा करतो त्याला निर्णयाचाही अधिकार मिळतो का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा, आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. व्हर्जिनियाने स्टेशनवर जे मागितले ते आपल्या कायद्याच्या पुस्तकात आता आहे. आपल्या घरांमध्ये ते पोहोचलेले नाही, आणि म्हणून हा चित्रपट आज इथे बसून पाहण्याजोगा आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. हा चित्रपट आत्महत्येला सौंदर्य बहाल करतो, असे अनेकांना वाटते. १९४१ मध्ये व्हर्जिनियाने नदीत जीव दिला; त्या प्रसंगाने चित्रपट सुरू होतो आणि त्यानेच संपतो, आणि तो इतका सुंदर टिपला आहे की मृत्यूला शांततेचा वास येऊ लागतो. या आक्षेपापुढे मी चित्रपटाचा पूर्ण बचाव करणार नाही. सुरुवातीचा प्रसंग असाच चित्रित करण्याची गरज नव्हती. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात: प्रत्येक मृत्यूनंतर कॅमेरा मागे राहिलेल्या माणसाजवळ थांबतो. चिठ्ठी हातात घेऊन घराबाहेर धावणारा लेनर्ड. मेजवानीचे सगळे अन्न कचऱ्यात लोटणारी क्लॅरिसा. ज्या मुलाला सोडून गेली त्याच्या मृत्यूनंतर दारात उभी राहिलेली म्हातारी लॉरा. मृत्यू म्हणजे सुटका असे म्हणणारा चित्रपट इतका वेळ या चेहऱ्यांवर खर्च करत नाही. आणि लॉरा स्वतः हॉटेलच्या खोलीत मरायला गेलेली असते व परत येते. ती परत येते म्हणून पुढची पन्नास वर्षे घडतात, चांगलीही आणि वाईटही. जी उणीव मला खटकते ती वेगळी आहे. रिचर्डला होणारे भास हा उपचार करण्याजोगा आजार आहे, केवळ कवीचा स्वभाव नाही, हे पटकथा जवळजवळ विसरते. त्या खोलीत क्लॅरिसा एकटी आहे. मनोविकारतज्ज्ञ नाही, परिचारिका नाही, तिची जागा काही तास तरी घेणारे कोणी नाही. एकाच माणसावर टाकलेली काळजी दोघांनाही बुडवते. जीव देण्याचा विचार ज्याच्या मनात घोळत असेल, किंवा अशा माणसाची काळजी जो एकटाच वाहत असेल, त्याच्यासाठी आपल्याकडे टेलि-मानसची १४४१६ ही मोफत सरकारी दूरध्वनी सेवा आहे, आणि ती दोघांच्याही उपयोगाची आहे.

दुसरा आक्षेप लॉराबद्दल. दुसरे मूल झाल्यावर ती घर सोडून कॅनडात निघून गेली, ग्रंथालयात नोकरी करून जगली. आई म्हणून हे अक्षम्य, आणि चित्रपट तिला माफ करतो, असे म्हटले जाते. मराठी प्रेक्षकाला ही वाट अनोळखी नाही. १९८२ मध्ये जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मधली सुलभा नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर गेली तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. स्मिता पाटील यांची सुलभा एका कामासाठी बाहेर पडते, त्यामुळे तिची बाजू घेणे तुलनेने सोपे होते. लॉराजवळ असे उदात्त कारण नाही. तिला फक्त जगायचे होते. म्हातारी लॉरा क्लॅरिसाला सांगते की पश्चात्ताप झाला असता तर बरे वाटले असते, पण तिथे मरण होते आणि मी जगणे निवडले. यात माफीची याचना नाही, आणि चित्रपटही माफी देत नाही. तिच्या निवडीची किंमत रिचर्डने भरली हे आपण नुकतेच पाहिले आहे. क्लॅरिसाची मुलगी पुढे होऊन या बाईला मिठी मारते. रिचर्डच्या बाजूने पाहिले तर ही मिठी असह्य आहे, लॉराच्या बाजूने पाहिले तर अत्यावश्यक. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाहता येणे, हेच तर चित्रपट दीड-पावणेदोन तास आपल्याकडून करवून घेत आला आहे.

वुल्फच्या वाचकांची तक्रार मात्र मला सर्वांत रास्त वाटते. पडद्यावरची व्हर्जिनिया सतत झाकोळलेली आहे. जिच्या पत्रांत आणि रोजनिशीत खट्याळपणा ठासून भरला आहे, जी गप्पांची आणि मैफलीची शौकीन होती, १९२३ मध्ये जी एलियटचे 'द वेस्ट लँड' स्वतःच्या हाताने खिळे जुळवून छापत होती, ती बाई इथे फार थोडी दिसते. आणखी एक गोष्ट. नेली या स्वयंपाकिणीला चित्रपट केवळ कपाळावर आठ्या घातलेली नोकर म्हणून वापरतो. व्हर्जिनियाच्या मनात येते म्हणून तिला आल्यासाठी लंडनला धाडले जाते. खरी नेली बॉक्सॉल १९१६ ते १९३४ अशी अठरा वर्षे त्या घरात राबली. कोणाच्या तासांवर कोणाचा हक्क हा ज्या चित्रपटाचा विषय, त्याने तिच्या तासांचा हिशेब मांडू नये ही त्याची चूक आहे. त्या घरातली अर्धी काळजी तर तीच वाहत होती.

आणि १९२३ वरून थेट १९४१ वर जाताना चित्रपट जी वर्षे गाळतो ती वगळली की त्याचाच युक्तिवाद अपुरा राहतो. 'टू द लाइटहाउस', 'ओर्लँडो', 'अ रूम ऑफ वन्स ओन', 'द वेव्हज' ही पुस्तके त्याच वर्षांत लिहिली गेली. स्टेशनवरचा संवाद पटकथेचा आहे, पण लंडनला परतणे इतिहासातले आहे. आजारी बायकोच्या म्हणण्यापुढे धास्तावलेल्या नवऱ्याने मान तुकवली, तिच्या तब्येतीची नोंद ठेवणे थांबवले नाही, आणि दोघे त्यानंतर सतरा वर्षे एकत्र काम करत राहिले. जिचे ऐकून घेतले गेले तिने पुढे काय केले, हे पाहायला चित्रपटगृहाबाहेर पडून ग्रंथालयात जावे लागते, आणि वाचकांनी जरूर जावे. मार्च १९२४ मध्ये वुल्फ दाम्पत्य लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये राहायला गेले. १४ मे १९२५ रोजी 'मिसेस डॅलोवे' प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठ बहीण व्हनेसाचे होते, आणि प्रकाशक होती त्या दोघांची होगार्थ प्रेस.